समोरच्या संघाची रुमाना

रुमाना मुकादम चार वर्षं विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होती, आणि त्यातला बराचसा काळ तिने बेंचवर काढला. हे ती स्वतःच सांगते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की मग बाकीचं सांगते.

ती सौदीतल्या जेद्द्यातच जन्मली. तिचे अब्बा, हाशम मुकादम, मूळचे कोकणातल्या म्हसळ्याकडचे. तरुणपणी इकडे आले आणि बलदच्या जुन्या बाजारात बॅगांच्या दुकानात उभे राहिले, ते अजून तिथेच आहेत. मक्केला उमरा करून परतणाऱ्या माणसाच्या सामानात खजूर, नमाजाच्या जानमाजा, नातवंडांची खेळणी अशी भर पडलेली असते आणि घरून आणलेली बॅग पुरत नाही. अशा माणसाला दारातूनच ओळखायचं आणि विमानात चालेल तेवढीच मोठी बॅग द्यायची, ही अब्बांची पद्धत. अम्मी, म्हणजे शरफुन्निसा, घर सांभाळायची आणि अझीझियातल्या त्यांच्या इमारतीत कोणाकडे काय चाललंय याची खबर ठेवायची. रुमाना एकुलती एक.

भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात सिमेंटचं एक कोर्ट होतं. रुमाना बास्केटबॉल शिकली ती तिथे, मधल्या सुट्टीत, शाळेच्या गणवेशात. उंची बेताची, अंग बारीक. बास्केटमध्ये चेंडू टाकण्यात ती काही फार तरबेज नव्हती. पण एखाद्या मुलीच्या मागे लागली की तिला सोडायची नाही. शाळेतल्या मुली म्हणायच्या, हिला आमच्या बाजूला द्या, नाहीतर आम्ही खेळत नाही.

बारावीनंतर तिला जेद्द्यातल्याच एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला. पहिल्याच महिन्यात जिमच्या दारावर संघाच्या निवड चाचणीची सूचना लागली. संघात दोन तऱ्हेच्या मुली असायच्या. बहुतेकींना विद्यापीठाने चांगल्या शाळांमधून, क्लबांमधून पारखून बोलावून घेतलेलं असायचं, त्यांना फीमध्ये सवलत असायची. उरलेल्या एक-दोन जागा आपणहून चाचणीला येणाऱ्यांसाठी. त्यांना सवलत नाही आणि खेळायला मिळेल याची हमीही नाही. रुमाना आपणहून गेली.

संघाच्या प्रशिक्षक होत्या हनान. तिकडे प्रशिक्षकाला ‘कॅप्टन’ म्हणतात, म्हणून सगळ्या मुली त्यांना कॅप्टन हनान म्हणत. चाळिशी ओलांडलेल्या, जेद्द्याच्याच, एका गुडघ्याने जरा लंगडणाऱ्या आणि आवाज कधीही न चढवणाऱ्या. चाचणीत त्यांनी रुमानाला लमीसच्या समोर उभं केलं. लमीस ही संघाची मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू आपल्या बाजूकडून पुढे घेऊन येणारी आणि खेळ कसा चालवायचा हे ठरवणारी. ती रुमानाहून वीतभर उंच. तिने रुमानाला दोनदा सहज चुकवलं. तिसऱ्यांदा खांद्याने ढकललं. रुमाना पडली, उठली आणि परत तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. असं बराच वेळ चाललं. शेवटी लमीसने वैतागून चेंडू दुसरीकडे फेकून दिला.

चाचणी संपल्यावर कॅप्टननी रुमानाला बाजूला घेतलं.

“तुला खरं तेच सांगते,” त्या म्हणाल्या. “तू सामन्यात खेळशील असं मला वाटत नाही. पण सरावात मला समोरचा संघ लागतो. ज्यांच्याशी आमची गाठ आहे त्यांच्यासारखं खेळून दाखवणारी कुणीतरी लागते. ते करशील?”

रुमानाने विचारलं, जर्सी मिळेल का. कॅप्टन म्हणाल्या, मिळेल. रुमाना हो म्हणाली.

घरी अम्मीचा पहिला प्रश्न कपड्यांचा होता. संघातल्या कितीतरी मुली जर्सीखाली पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लांब पँट घालतात, डोक्यावर खेळाचा हिजाब असतो, हे रुमानाने फोनवरचे फोटो दाखवून पटवलं. दुसरा प्रश्न अभ्यासाचा होता, त्याचं उत्तर अब्बांनीच दिलं. ते म्हणाले की दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसणारी माणसं त्यांनी पाहिलीत आणि त्यातली निम्मी पाठ धरून चालतात. तेवढ्यावर विषय मिटला.

मग रुमानाचं काम सुरू झालं. दर सामन्याच्या आधी कॅप्टन तिला समोरच्या संघाच्या गार्डचे व्हिडिओ द्यायच्या. ती ते घरी बसून पुन्हा पुन्हा पाहायची. ही मुलगी वळण्याआधी कोणता खांदा पाडते, दमली की चेंडू किती उंच उसळू देते, घाबरली की कुणाकडे पाहते. दुसऱ्या दिवशी सरावात रुमाना ती मुलगी व्हायची आणि लमीसने तिला अडवायचं. असं करता करता जेद्द्यातल्या सगळ्या खासगी विद्यापीठांच्या गार्ड तिच्या अंगात येऊन राहिल्या.

सगळ्यात अवघड होती दीमा. शहराच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाची ही डावखुरी मुलगी पहिल्याच साली स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. ती डावीकडून अशी निघायची की समोरचीला आपला तोल कधी गेला ते कळायचंच नाही. दीमा होण्यासाठी रुमानाने सगळं डाव्या हाताने करायला घेतलं. केर डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने, चहा ढवळायचा तोही डाव्या हाताने. जेवण तेवढं उजव्या हाताने, नाहीतर अम्मीने घरात ठेवलं नसतं. हळूहळू डावा हात ऐकू लागला.

लमीसला पहिल्या वर्षी रुमाना मुळीच आवडत नसे. सरावात मार खायला कुणाला आवडेल? रुमाना चेंडू काढून घ्यायची, कॅप्टन काही न बोलता शिट्टी वाजवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. कपडे बदलायच्या खोलीत लमीस तिच्याशी बोलायची नाही. मग त्या वर्षीचा दीमाच्या संघाशी सामना झाला. लमीसने दीमाला जेरीस आणलं आणि संघ जिंकला. लमीस घामाने निथळत बेंचकडे आली, पाण्याची बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “सरावात रुमाना यापेक्षा जास्त छळते.”

रुमाना त्या सामन्यात एक मिनिटही खेळली नव्हती. पण त्या दिवशी घरी जाताना तिला वाटलं की आपणही थोडं खेळून आलो.

त्या काळात मुलींच्या सामन्यांना फक्त बायकांना आत सोडत. अम्मी दर सामन्याला यायची. खेळाचे नियम तिला कळत नव्हते, कळून घ्यायचे नव्हते. आपली मुलगी उभी राहिली की बसली एवढंच ती पाहायची. अब्बा त्यांना सोडायला यायचे आणि गाडीतच थांबायचे. पार्किंगमधून त्यांना जिमच्या वरच्या खिडक्यांतून येणारा गलका ऐकू यायचा. सामना संपला की अम्मी गाडीत बसून सगळं सांगायची. तिच्या सांगण्यात संघाचे गुण नसायचे. त्या लांबडीला म्हणे तीनदा पाडलं तरी बाईने तिलाच खेळवलं, आणि आमची बाय आपली टॉवेल घेऊन उभी, असं ते असायचं. लांबडी म्हणजे लमीस. अब्बा मान हलवत गाडी चालवायचे. रुमाना मागे बसून हसायची.

दुसरं वर्ष संपता संपता मात्र तिचं हसणं कमी झालं. नवी भरती झाली होती. त्यात जुमाना नावाची एक गार्ड आली, शाळेतून थेट बोलावून आणलेली, आणि पहिल्याच आठवड्यात रुमानाच्या पुढे गेली. म्हणजे लमीसला विश्रांती द्यायची असली तरी आता जुमाना. रुमानाच्या वाट्याला सामना आधीच निकाली निघाल्यानंतरची शेवटची मिनिटं यायची, तीही गेली. तिच्या वर्गातल्या मुली दुपारी कॉफी प्यायला जायच्या, इंटर्नशिप शोधायच्या. ती रोज संध्याकाळी कुणीतरी दुसरीच होऊन घामाघूम व्हायची. एका संध्याकाळी ती कॅप्टनच्या खोलीत गेली आणि म्हणाली की पुढच्या वर्षी मी येणार नाही.

कॅप्टननी तिला बसायला सांगितलं. थांब म्हणून आग्रह केला नाही. स्वतःबद्दल त्या सहसा बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या. त्यांच्या तरुणपणी मुलींचा संघ असा प्रकार नव्हता. एका मैत्रिणीच्या बंगल्यात, उंच भिंतीच्या आत, तिच्या वडिलांनी बास्केट लावलेला एक खांब रोवून दिला होता. आठवड्यातून एकदा चौघी-पाचजणी जमायच्या. समोरचा संघ नाही, पंच नाही, गुण कुणी लिहून ठेवायचं नाही. गुडघा तिथल्याच फरशीवर गेला, आणि तो कशाने गेला हे डॉक्टरला सांगायचीही चोरी होती.

“मला बेंचसुद्धा नव्हता, रुमाना,” त्या म्हणाल्या. “तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. तुला जायचं असेल तर जा. तू जे दिलंस त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, तू राहिलीस तरी आणि गेलीस तरी.”

रुमाना घरी गेली. अम्मीने विचारलं, काय झालं, तर काही नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट घेऊन जिममध्ये गेली. कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं, पुढच्या सामन्यातल्या गार्डचं नाव सांगितलं आणि सराव सुरू केला. त्या विषयावर दोघी परत कधी बोलल्या नाहीत.

जुमानाला शिकवायचं कामही आता तिच्याकडेच आलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण जुमाना घाई करायची आणि लमीसला शिकवायला सवड नव्हती. रुमाना तिला सरावानंतर थांबवून घ्यायची. मी दीमा आहे, आता मला अडव, असं म्हणायची. जुमाना तिला ‘उस्ताजा’ म्हणायला लागली, म्हणजे बाई. आधी चेष्टेने, मग सवयीने.

चौथ्या वर्षी विद्यापीठांनी ठरवलं की मुलींच्या सामन्यांना घरच्यांना, पुरुषांनाही, येता येईल. रुमानाने हे अब्बांना लगेच सांगितलं नाही. आपण बेंचवर असतो हे त्यांना अम्मीच्या तोंडून माहीत होतं, पण माहीत असणं निराळं आणि समोर बसून पाहणं निराळं. अम्मीने मात्र त्याच दिवशी सांगून टाकलं. रमजानच्या आधीचे दिवस, बाजारात गर्दी, तरी अब्बांनी दुपारी दुकान बंद केलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्यांदा जिमच्या आत आले. अम्मीने त्यांना आपल्या नेहमीच्या जागेवर नेलं आणि कोण कोण ते दाखवलं.

रुमाना त्या सामन्यात खेळली नाही. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला आणि कॅप्टननी बेंचवरून फक्त जुमानाला पाठवलं, तीही थोडाच वेळ. संघ जिंकला. सगळ्या मुली आपापल्या घरच्यांकडे धावल्या. रुमाना टॉवेल गोळा करत राहिली.

परतताना मदिना रोडवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा रुमानाच म्हणाली, “तुम्ही उगाच दुकान बंद केलंत, अब्बा.”

“दुकान काय, रोजच उघडं असतं,” अब्बा म्हणाले.

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, “ती उंच मुलगी, लमीस. खेळ थांबला की ती दर वेळी तुझ्याकडे बघायची. तू हाताने काहीतरी सांगायचीस आणि मग ती जायची. काय सांगत होतीस?”

रुमानाने सांगितलं. समोरची गार्ड दमली होती आणि दमली की ती उजवीकडे वळायचं टाळते. तर तिला उजवीकडे ढकल, असं.

“आणि तसं झालं?”

“झालं.”

“मग मी बरोबर बघितलं,” अब्बा म्हणाले. “तुझी अम्मी चार वर्षं मला सांगते की तू नुसती उभी असतेस.”

अम्मी म्हणाली, उभीच तर असते. पण ती हे जरा हळू म्हणाली. रुमानाने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला रडू आलं होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

त्यानंतर उपांत्य सामना आला, दीमाच्या संघाशी. दीमाचंही ते शेवटचं वर्ष होतं. आठवडाभर आधी सरावात जुमानाचा घोटा मुरगळला, त्यामुळे ती कुबड्या घेऊन बेंचवर बसली होती. लमीस जिवाच्या आकांताने खेळली. पण दीमाला अडवताना तिचे एकामागून एक फाउल होत गेले. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तिला बाहेर जावं लागतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये, अजून बराच खेळ बाकी असताना, पंचाने लमीसचा पाचवा फाउल दिला. संघ अगदी थोडक्या गुणांनी पुढे होता.

कॅप्टननी बेंचकडे पाहिलं. “रुमाना,” त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. “दीमा तुझी.”

वर अम्मी उठून उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत बसली नाही.

पहिलीच गोष्ट रुमानाच्या हातून झाली ती चूक. चेंडू घेऊन पुढे येताना दोघीजणी तिच्या अंगावर आल्या, तिने घाईने पास दिला आणि तो सरळ दीमाच्या हातात गेला. दीमाने पळत जाऊन बास्केट केली. प्रेक्षकांत आरडाओरड झाली. रुमानाने बेंचकडे पाहिलं. लमीस बेंचच्या पुढे येऊन उभी होती, गळ्यात टॉवेल. तिने हाताची खूण केली: हळू. रुमाना इतकी वर्षं तिला करत आली होती तीच खूण.

पुढच्या वेळी ती हळू आली. चेंडू डाव्या हातात घेतला, कारण दोघीही तिच्या उजव्या बाजूने यायच्या तयारीत होत्या. ती त्यांच्यामधून निघाली आणि चेंडू जिथे पोचवायचा तिथे पोचवला. मग मागे येऊन दीमासमोर उभी राहिली.

दीमाला ती ओळखत होती, एखाद्या घरच्या माणसाच्या पावलांची चाहूल ओळखावी तशी. दीमाचा खांदा पडला आणि रुमाना आधीच तिथे होती. दीमाने परत प्रयत्न केला, परत ती तिथे. तिसऱ्यांदा दीमा आवेशाने सरळ घुसली. रुमाना पाय रोवून उभी राहिली, बाजूला झाली नाही, आणि दोघी आपटल्या. जागेवर उभ्या असलेल्या खेळाडूवर धडक दिली तर फाउल धडक देणारीचा. पंचाने तो दीमाला दिला. रुमाना पाठीवर पडलेली होती. उठायला हात द्यायला तिघीचौघी आल्या, आणि जुमाना एका कुबडीवर उभी राहून काहीतरी ओरडत होती.

त्यांनी सामना जिंकला. गुणफलकावर रुमानाच्या नावापुढे काही नव्हतं. तिने एकही बास्केट केली नव्हती.

हात मिळवून दोन्ही संघ पांगत होते तेव्हा दीमा तिच्याकडे आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिने अरबीत विचारलं, “तू कोण? मी तुला कधी पाहिलं नाही. पण तू माझ्यासारखी खेळतेस.”

रुमानाने खरं तेच सांगितलं. मी चार वर्षं सरावात दीमा होते, ती म्हणाली. डावा हात तुझ्याकडून शिकले. वळणं तुझ्याकडून शिकले. माझा असा खेळ फारसा नव्हता, जो काही आला तो तुझ्याकडे बघून आला. तुझे आभार मानायचे राहिले होते.

दीमा हसली, तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “मला चार वर्षांत एवढं नीट कुणीच पाहिलं नाही.” आणि तिने रुमानाला मिठी मारली.

अंतिम सामना त्या हरल्या. लमीस पुन्हा संघात होती, रुमाना शेवटी थोडा वेळ खेळली, पण दुसरा संघ सरळ सरळ चांगला होता. रुमानाला याचं फार दुःख झालं नाही. लमीस मात्र खूप रडली आणि रुमाना तिच्याशेजारी बसून राहिली.

पदवी मिळाल्यावर रुमानाला बंदराजवळच्या एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. शनिवारी सकाळी ती तिच्या जुन्या शाळेच्या कोर्टवर मुलींना शिकवते. काही महिन्यांनी लमीसला रियाधच्या एका क्लबाने बोलावलं. ती जायच्या आधी अम्मीने ठरवलं की तिला आणि कॅप्टनला घरी जेवायला बोलवायचं. ‘लांबडी’ हे नाव तिने कधी टाकून दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. आता ती लमीस होती आणि ती फार वाळली होती.

अम्मीने दोन दिवस तयारी केली. नारळाच्या दुधातली सांदणं वाफवली, मटणाचा रस्सा केला, सुरमई तळली. लमीसने सांदण हातात धरून विचारलं, हा केक आहे का. अब्बांनी आपल्या दुकानातल्या अरबीत तिला समजावलं की नाही, हे रश्श्यात बुडवायचं. तिने बुडवलं, खाल्लं आणि लगेच दुसरं उचललं.

जेवण निम्मं झाल्यावर अम्मी एकदम म्हणाली, “रुमाना, मला कॅप्टनशी बोलायचंय. तू तिला अरबीत सांग.”

“काय सांगू?”

“सांग की माझी मुलगी घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तिला लाज वाटायची. आता ती ऑफिसात पुरुषांना कामं सांगते आणि शनिवारी पंचवीस मुली तिचं ऐकतात. हे मी नाही केलं. हे तुम्ही केलंत.”

रुमानाने मान खाली घालून ते सांगितलं. कॅप्टन ऐकत होत्या.

“आणि सांग,” अम्मी म्हणाली, “की पहिली दोन वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला फार बोल लावले. दर सामन्याला लावले. त्याची माफी असावी.”

“अम्मी, ते कशाला?”

“सांग गो.”

रुमानाने सांगितलं. कॅप्टन आधी हसल्या. मग त्यांनी हातातलं सांदण ताटात ठेवलं आणि रुमानाकडे न पाहता सरळ अम्मीकडे पाहून बोलू लागल्या. अम्मीला एक शब्द कळत नव्हता, तरी ती त्यांच्या तोंडाकडे पाहत ऐकत राहिली. त्या थांबल्यावर रुमानाने मराठीत सांगितलं.

“कॅप्टन म्हणतात, त्यांच्या आईने त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही. पाहता येईल अशी जागाच नव्हती. त्या म्हणतात, सामन्यात मी मागे वळून बघायचे तेव्हा तुम्ही दिसायचात, मुलगी खेळत नसतानाही. माझ्याही आईने असं यायला हवं होतं, असं मला वाटायचं. म्हणून मीच तुमचे आभार मानते.”

अम्मीने कॅप्टनच्या ताटात आणखी एक सांदण वाढलं आणि वर रस्सा घातला. लमीसनेही आपलं ताट पुढे केलं. अब्बा आतून पाण्याचा जग घेऊन आले आणि सगळ्यांच्या पेल्यात पाणी ओतत, अरबीत आणि मराठीत मिसळून, सावकाश जेवा, घाई नाही, असं सांगत राहिले.